फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट

घराची श्रीमंती दिवाणखान्यात दिसते आणि घराची टापटीप स्वयंपाकघरात दिसते, असे म्हणतात. आम्ही त्यात आणखी एका जागेची भर घालू इच्छितो. फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेवर घराचा विचारीपणा दिसतो. एकत्र कुटुंबात प्रत्येक खोलीला, प्रत्येक कपाटाला कोणी ना कोणी धनी असतो. ही वाट मात्र सर्वांची, आणि म्हणूनच कोणाचीच नाही. ती एका बाजूने खचते, मध्ये भेगाळते, पावसाळ्यात तिच्यावर डबके साचते. तरी जो तो पाय जपून टाकतो आणि पुढे जातो. घरात लग्नकार्य निघाले, मांडव घालावयाची वेळ आली, म्हणजे मात्र सर्वांना तिची एकदम आठवण होते. मग वैशाखाच्या उन्हात गवंडी बोलावला जातो, जुन्या वाटेवर इंच-दीड इंचाचा सिमेंटचा कोबा घाईघाईने चढविला जातो, आणि कार्य निर्विघ्नपणे पार पडते. पुढे आषाढ-श्रावणात तोच कोबा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. दसऱ्याला अंगण सारवावयास किंवा धुवावयास घेतले की खालची जुनी भेग नव्या थरातून वर डोकावत असते.

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांतील जुन्या वसाहतींत हा प्रकार नवा नाही. दोष बहुधा गवंड्याच्या माथी मारला जातो किंवा सिमेंटच्या पोत्याच्या. क्वचित ते खरेही असेल. परंतु पुष्कळ वेळा खरे कारण या दोहोंच्याही खाली असते. आपण ज्या जमिनीवर राहतो ती जमीन स्थिर नाही, हे मराठवाड्यातील गृहस्थाने प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

आपली काळी माती कापसाला आणि ज्वारीला माउली आहे. रस्त्याला मात्र ती सावत्र आई आहे. दख्खनचा काळा पाषाण युगानुयुगे झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व त्यांना एकमेकांपासून दूर लोटते, म्हणून पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे आपली वाट दरवर्षी एकदा वर उचलली जाते आणि एकदा खाली बसते. ही हालचाल सर्वत्र सारखी झाली असती तर फारसे बिघडले नसते. परंतु गच्चीचे पाणी जेथे पडते तेथे माती अधिक फुगते, आणि कडुनिंबासारखे मोठे झाड जेथे मुळांनी ओल शोषून घेते तेथे ती अधिक आक्रसते. एकाच वाटेची एक बाजू वर जाते व दुसरी खाली येते. मग वरचा ताठ कोबा फुटेल नाही तर काय करील?

आपल्या अंगणातील माती कितपत फुगणारी आहे, हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा घरीच करता येते. शास्त्रीय प्रयोगशाळांतूनही तिचेच नेमके रूप वापरले जाते. वाटेच्या कडेला फूटभर खोल खणून मूठभर माती काढावी. ती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळावी. सारख्या आकाराच्या दोन उभट काचेच्या बरण्या घेऊन दोहोंत ती माती सारख्या मापाने घालावी. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल ओतावे, ढवळून बुडबुडे जाऊ द्यावेत आणि दोन्ही बरण्या एक अहोरात्र हलवू नयेत. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींतील मातीच्या थरांची उंची पट्टीने मोजावी. पाण्यातील थर रॉकेलमधील थराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक भरला, तर माती बरीच खोडकर आहे असे समजावे. दोन्ही थर जवळजवळ सारखे असतील, तर पुढे सांगितलेल्या खणाईचा मोठा भाग वाचेल. शाळेत जाणाऱ्या मुलांना या प्रयोगात अवश्य घ्यावे. रॉकेलची बरणी मात्र वडील माणसाने हाताळावी व ती चुलीपासून दूर ठेवावी.

रस्त्याचे शास्त्र ज्याने सोपे करून सांगितले, त्या जॉन लाउडन मॅकॅडमचे (१७५६–१८३६) मर्म हेच होते. हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथे रस्त्यांचा देखरेख अधिकारी झाला. त्या काळी मोठमोठे दगड खाली घालून रस्ता भक्कम करावा, अशी समजूत होती. मॅकॅडमचे म्हणणे असे की, गाडीचा भार शेवटी मूळची जमीनच पेलते. ती कोरडी राहिली तर पेलते, भिजली तर खचते. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावा, त्यावरचे पाणी दोन्ही अंगांना वाहून जावे, आणि वरचा खडीचा थर म्हणजे खालच्या जमिनीवर घातलेले छप्पर समजावे. दोनशे वर्षे लोटली, नवी यंत्रे आली, नवे पदार्थ आले. परंतु हा सिद्धांत काही बदलला नाही. आपल्या काळ्या मातीला तर तो दुपटीने लागू पडतो.

यावरून खर्चाचा पहिला नियम निघतो. पैसे थोडे असतील तर ते वर न घालता खाली घालावेत. वाटेसाठी १०० रुपये काढून ठेवले असतील, तर त्यांतील निदान चाळीस पाण्याचा निचरा आणि खालचा थर यांवर जावेत, असे आमचे मत आहे. ते पाहुण्यांना दिसणार नाहीत, हे खरे. परंतु उरलेले साठ टिकतात ते त्या चाळिसांच्या बळावर.

काम काढण्यापूर्वी जुन्या वाटेचे दुखणे ओळखावे. केसासारख्या बारीक, जाळीदार रेघा केवळ पृष्ठभागावर असतील, तर त्या बहुधा वरच्या थरापुरत्या असतात. त्यांना हात न लावलेला बरा. भेगेची एक कड दुसरीहून उंच असेल, तर खालची जमीन हलते आहे. एखादा भाग बशीसारखा खोल झाला असेल, तर तेथे पाणी मुरते आहे. वर पाहावे, गच्चीचा नळ बहुधा तेथेच सुटलेला दिसेल. कडाच तेवढ्या ढासळत असतील, तर वाटेला बाजूचा आधार नाही. प्रत्येक दुखण्याचे औषध निराळे आहे. हलणाऱ्या भेगेत ताठ सिमेंट भरणे व्यर्थ. ते पुढच्याच ऋतूत सुटते. अशी भेग लोखंडी ब्रशाने साफ करून, पूर्ण वाळवून, तीत डांबरासारखा लवचिक पदार्थ भरावा, म्हणजे निदान पाणी खाली जाणार नाही. खचलेला तुकडा मात्र कापून काढून तळापासूनच नवा करावा लागतो. सबंध वाटेपैकी चौथा हिस्सा नादुरुस्त असेल, तर तेवढाच दुरुस्त करावा. शेजाऱ्याने सारे नवे केले म्हणून आपणही करावे, असे मुळीच नाही.

या निरीक्षणासाठी घरातील स्त्रियांचे मत प्रथम घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणत्या फरशीवर शेवाळ धरते, सासूबाईंचा पाय कोठे अडखळतो, हे अंगण रोज झाडणाऱ्या व रांगोळी घालणाऱ्या बाईला जितके ठाऊक असते, तितके सकाळी गाडी काढून जाणाऱ्या यजमानाला नसते. पहिल्या मोठ्या पावसात खडूने किंवा गेरूने डबक्यांच्या कडा आखून ठेवल्या, तर गवंड्याला द्यावयाचा नकाशा फुकट तयार होतो.

आता निचरा. वाटेला दर फुटास पाव इंच, या मानाने घरापासून दूर जाणारा उतार असावा. १० फूट रुंदीला अडीच इंच होतात. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी पाहिली म्हणजे हा उतार घरच्या घरी तपासता येतो. दुसरी अडचण अलीकडची आहे. नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा रस्ता जितक्या वेळा वरून नवा होतो, तितका तो उंच होत जातो, आणि जुनी अंगणे खाली राहतात. पूर्वी अंगणातले पाणी रस्त्यावर जात असे. आता रस्त्याचे पाणी अंगणात येते. यावर फाटकातच आडवी, जाळी घातलेली नाली करणे हा उपाय आहे. सबंध अंगण उंच करण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. गच्चीचा नळ वाटेवर न सोडता नळीने बाजूला नेणे हे तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम आहे.

कामाचा काळही विचारपूर्वक ठरवावा. वैशाखात माती सर्वांत आक्रसलेली असते, श्रावणात सर्वांत फुगलेली. भेगाळलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात ओतलेले काँक्रीट पहिल्या पावसाबरोबर उचलले जाणारच. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. माती मध्यम ओलीची असते, ऊन सौम्य असते, आणि विहिरीत किंवा विंधनविहिरीत काँक्रीटला पाजावयास पाणी असते. लग्न वैशाखात असले तरी वाटेचे काम पौषात करून ठेवण्यास कोणतीही हरकत नाही.

खालचा थर असा करावा. काळी माती फूट-सव्वा फूट खणून काढावी. ती बागेत टाकावी, तेथे तिची किंमत होते. खड्ड्याचा तळ पाणी शिंपून धुम्मसाने ठोकावा. त्यावर चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर शिंपून व ठोकून, भरावा. मुरूम ओला करून मुठीत दाबावा. हाताला चिकटला तर त्यात चिकणमाती आहे, तो परत पाठवावा. सर्वांत वर चार इंच गिट्टी व तिच्या पोकळीत दगडाची चुरी भरून पुन्हा ठोकावे. एवढी खणाई परवडत नसेल, तर वरच्या सहा इंच मातीत वजनाच्या तीन ते पाच टक्के चुना कालवून, भिजवून ठोकला, तरी तिची फुगण्याची खोड पुष्कळ कमी होते. चुना डोळ्यांस व त्वचेस भाजतो. मजुरांना हातमोजे द्यावेत आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

येथे एक इशारा. जुन्या वाड्याच्या जोत्याला लागून खणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली, त्यांतील पुष्कळशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली सापडली. अशा भिंतींचा सारा भरवसा पायाच्या मातीवर असतो. भिंतीपासून निदान तीन फूट दूर राहावे, पायाच्या खाली तर जाऊच नये, आणि तेथे पाणी साचू देऊ नये.

वरच्या थरासाठी तीन मार्ग आहेत. जुनी शहाबादी फरशी असेल, तर तीच पुन्हा बसविणे सर्वांत काटकसरीचे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा हा चुनखडीचा दगड आपल्या भागास जवळचा व परिचित आहे. प्रत्येक फरशीवर खडूने क्रमांक घालून ती उचलावी, उभी रचून ठेवावी, आणि झिजून गुळगुळीत झालेली बाजू खाली करून पुन्हा बसवावी. खालची खडबडीत बाजू वृद्धांच्या पायांस अधिक सुरक्षित असते. फरशी बसल्यावर काठीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तेथे चाक जाताच ती फुटेल. मोटार जावयाच्या ठिकाणी दोन इंचांहून पातळ फरशी नको. चुनखडीला आम्लाचे वैर असते, म्हणून ही वाट अ‍ॅसिडने कधीही धुऊ नये.

दुसरा मार्ग सिमेंटच्या ठोकळ्यांचा, ज्यांस सर्वत्र पेव्हर ब्लॉक म्हणतात. घरच्या मोटारीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात. इंच-दीड इंच वाळूवर ते बसवावे व दोन्ही कडांना पक्का बांध घालावा, नाही तर ते पसरत जातात. काळ्या मातीवर यांचा मोठा गुण असा की जमीन खचली तर तेवढे ठोकळे उचलून, वाळू भरून, तेच पुन्हा बसविता येतात. मोडतोड होत नाही आणि सामान वाया जात नाही.

तिसरा मार्ग काँक्रीटचा. परंतु सबंध वाटेचा नव्हे. बैलगाडीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या असत, मधले गवत तसेच राही. मोटारीलाही याहून अधिक लागत नाही. ४० फूट लांब व १० फूट रुंद वाट ४०० चौरस फुटांची होते. दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या केल्या तर केवळ १६० चौरस फूट. चार इंच जाडीला सबंध वाटेस सिमेंटची सुमारे ३० पोती लागतील, पट्ट्यांना १२ पुरतील. मध्ये दूर्वा किंवा बारीक गिट्टी घालावी. पट्टीला दर आठ-दहा फुटांवर सांधा ठेवावा, म्हणजे तडा आपण नेमलेल्या जागी जाईल. एका पोत्यास २५ लिटरांहून फार अधिक पाणी घालू देऊ नये; पातळ काँक्रीट पसरावयास सोपे, पण कच्चे राहते. आणि निदान १० दिवस, शक्य तर १४, ओली पोती पसरून ते भिजते ठेवावे. हे काम पैशाचे नाही, नेमाचे आहे. घरातील एखाद्या जबाबदार मुलाकडे ते सोपवावे.

मार्ग कोणताही असो, पाण्याचा टँकर आत घेऊ नये. ५ हजार लिटर पाण्याचे नुसते वजनच पाच टन होते. टँकर फाटकाबाहेर उभा करून नळीने पाणी घ्यावे. लातुरातील कित्येक चांगल्या वाटा मोटारीने मोडलेल्या नाहीत, टँकरने मोडलेल्या आहेत.

टँकरचा विषय निघाला म्हणून शेवटचा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ ही पाण्याची आगगाडी १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या स्थानकात आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. आता आपल्या त्या ४०० चौरस फुटांच्या वाटेचा हिशेब करा. वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला, तर तेवढ्याच जागेवर सुमारे २८ हजार लिटर पाणी पडते. अशा अठरा वाटांवरचे वर्षाचे पाणी म्हणजे ती पहिली आगगाडी. शहरात अशी अठरा घरे एका गल्लीत असतात. ते पाणी आपण सिमेंटवरून गटारात लोटतो आणि चैत्रात टँकरवाल्याची मनधरणी करतो.

लातूरचा ‘पॅटर्न’ शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे, नांदेडचा शोषखड्ड्यासाठी. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली, आणि त्या उदाहरणावरून ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव रूढ झाले. तेथे प्रश्न सांडपाण्याचा होता. आपल्याला तीच युक्ती पावसाच्या पाण्यास लावता येईल. वाटेच्या खालच्या टोकाला, कोणत्याही भिंतीपासून निदान १० फूट दूर, काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खड्डा खणावा व तो दगड-गिट्टीने भरावा. खड्डा काळ्या मातीतच संपला तर पाणी मुरणार नाही आणि भोवतालची माती मात्र फुगत राहील. गाडीचे तेल सांडते त्या जागेचे पाणी यात सोडू नये.

एकत्र कुटुंबात असा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न वाटेपेक्षाही अवघड असतो. आमची सूचना एवढीच की तो एका वर्षात करू नये. पहिल्या वर्षी गच्चीचा नळ, फाटकातील नाली व शोषखड्डा. दुसऱ्या वर्षी खचलेला भाग तळापासून. तिसऱ्या वर्षी वरची फरशी किंवा पट्ट्या. पहिल्या वर्षानंतर पाहुण्यांना काहीच फरक दिसणार नाही. परंतु वाट बिघडावयाची थांबलेली असेल, आणि दुरुस्तीचा अर्धा भाग तोच आहे. एक गोष्ट मात्र तीन वर्षे लांबणीवर टाकू नये. ज्या उंचसखल कडेला घरातील वृद्धांचा पाय अडखळतो, ती कड याच आठवड्यात सपाट करून घ्यावी. कोबा फुटला तर पुन्हा घालता येतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मांडीचे हाड मोडले, तर ते घर वर्षभर सावरत नाही.